टस्कीगी: 'सिफिलिस टोचला' हे वाक्य आधी काढा

टस्कीगी म्हणजे सिफिलिस (लैंगिक संसर्गातून होणारा आजार) झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता आजार कसा वाढतो हे पाहत राहिलेला अमेरिकी सरकारचा प्रयोग. त्यावरच्या प्रबंधातली तुमची अडचण लगेच ओळखली, कारण या विषयावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडखळतो. 'सरकारने 600 कृष्णवर्णीयांना सिफिलिस टोचला' या वाक्यावर मार्गदर्शकांनी लाल रेघ मारली, पण कारण दिलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. रेघ बरोबर आहे. कारण न देणं चूक.

अलाबामातल्या मेकन काउंटीत 1932 ते 1972 या काळात कुणालाही जंतू टोचलेले नाहीत. 399 पुरुषांना आजार आधीपासून होता, 201 जणांना नव्हता. टोचण्याचा प्रकार मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात झाला, 1946 ते 48 मध्ये, कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांवर. खातं तेच, अमेरिकेची पब्लिक हेल्थ सर्व्हिस. डॉक्टर जॉन कटलरही दोन्हीकडे. त्यांचे ग्वातेमालाचे कागद सुझन रेव्हर्बी या इतिहासकार बाईंना टस्कीगीचाच माग काढताना पिट्सबर्ग विद्यापीठात सापडले, 2010 मध्ये बातमी झाली, आणि आधीच असलेल्या गैरसमजात भर पडली.

आपल्याकडच्या एका मोठ्या संस्थेच्या पाठ्यटिपणात हे दोन्ही प्रकार एकाच परिच्छेदात कोंबलेत. कळवूनही दुरुस्ती नाही, पोचसुद्धा नाही. विद्यार्थी तिथूनच उतरवतात आणि गुण मात्र त्यांचे जातात.

'टोचलं नाही' म्हणजे अपराध सौम्य, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माझ्या मते उपचार रोखण्याची पद्धतशीर यंत्रणा जास्त भयंकर आहे, आणि प्रबंधात तिच्यावरच भर द्या. लोकांना आजाराचं नाव सांगितलंच नाही, 'रक्त बिघडलंय' एवढंच. सुरुवातीला काहींना आर्सेनिक-पाऱ्याची औषधं दिली, तीही अपुरी. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची वेळ आली तेव्हा पत्रात त्याला 'खास मोफत उपचार' म्हटलं, शेवटची संधी म्हणून. ती तपासणी होती, उपचार नव्हेच. दुसऱ्या महायुद्धात लष्करभरतीच्या तपासणीत आजार सापडला की उपचार सक्तीचे, म्हणून स्थानिक भरती मंडळाला यादी देऊन या लोकांना वगळायला लावलं. 1940 च्या दशकाअखेर पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं तरी ते यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. शवविच्छेदनाला संमती मिळावी म्हणून अंत्यविधीचा खर्च देऊ केला. पैसे मिलबँक मेमोरियल फंडाचे.

'तेव्हा नियमच नव्हते' हा बचाव लिहू नका. माणसांवरच्या प्रयोगांसाठी नैतिक नियम सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता 1947 ची, तसंच हेलसिंकी घोषणापत्र 1964 चं. पब्लिक हेल्थ सर्व्हिसमधल्याच पीटर बक्सटन यांनी 1966 पासून तक्रारी केल्या, तरी 1969 मध्ये तज्ज्ञांच्या बैठकीने प्रयोग चालू ठेवायलाच कौल दिला. 25 जुलै 1972 ला पत्रकार जीन हेलर यांची बातमी आली तेव्हा कुठे चाकं हलली.

मूळ कागद अटलांटाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या दप्तरांत आहेत. बराच भाग ऑनलाइन दिसतो. रुग्णांच्या नोंदी वापरताना मात्र नावं प्रबंधात छापू नका, जाहीर असली तरी. हे माझं मत, नियम तुमच्या विद्यापीठाला विचारा.

जाता जाता: प्रयोगातल्या लोकांनी सरकारवर केलेल्या दाव्यात 1974 ला झालेली तडजोड एक कोटी डॉलरची. तो दावा फ्रेड ग्रे यांनी लढवला, नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांचे वकील तेच. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारतर्फे मागितलेली माफी 16 मे 1997 ची. माणसांवरच्या संशोधनाला नियम घालणाऱ्या 1974 च्या कायद्याशी तिची गल्लत करू नका, तीही फार दिसते.