वाचक विचारतात : स्क्वॉश

प्रश्न : पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत आपला सर्वांत कच्चा खेळाडू समोरच्या अव्वल खेळाडूपुढे बळी देऊन उरलेले दोन सामने जिंकता येतील का?

उत्तर : नाही, नियमच ते अडवतो. संघात चार खेळाडू असतात, एका लढतीत तिघे खेळतात. संघाने त्यांचा क्रम ताकदीनुसारच द्यायचा. मग एक नंबर एकशी, दोन दोनशी, तीन तीनशी. दुसऱ्याला विश्रांती दिली, तर तिसरा वर सरकतो आणि चौथा तिसऱ्या जागी येतो. म्हणून चौथा खेळाडू भक्कम हवाच. इथेच बरेच संघ मार खातात.

तीनपैकी दोन सामने जिंकले की लढत खिशात. प्रत्येक सामना पाच गेमचा, गेम ११ गुणांचा. १०-१० झाल्यास दोन गुणांची आघाडी लागते.

पहिला सामना गेला म्हणून लढत जात नाही. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाकिस्तानविरुद्ध मुंबईचा महेश माणगावकर हरला, सौरव घोषालने बरोबरी साधली आणि अभय सिंगने पाचवा गेम ८-१० वरून १२-१० असा खेचून सुवर्ण आणलं. असा संयम शिकवता येतो, सरावात मुद्दाम ८-१० पासून गेम सुरू करा.