‘वन्स इन अ ब्लू मून’ : कधीच नाही की क्वचित?

मिरजेच्या ताईंचा प्रश्न असा, की स्पर्धा परीक्षेच्या एका गाइडात ‘वन्स इन अ ब्लू मून’चा अर्थ ‘कधीच नाही’ दिलाय आणि दुसऱ्यात ‘क्वचित’. खूण कशावर करायची?

‘क्वचित’वर, डोळे झाकून.

पण पहिलं गाइडही अगदीच हवेतलं नाही. १५२८ मधल्या, धर्मगुरूंवर टीका करणाऱ्या एका इंग्रजी पद्यात आलंय, की ते चंद्र निळा म्हणाले तर आपणही ते खरंच मानायचं. म्हणजे निळा चंद्र तेव्हा अशक्य कोटीतला. पुढं बोलता बोलता ‘कधीच नाही’ पातळ होत ‘फार क्वचित’वर आलं. १८८३ च्या क्राकाटोआ ज्वालामुखीनंतर राखेमुळं चंद्र खरोखर निळसर दिसला होता, पण वाक्प्रचार त्याच्याही आधी रुळलेला. युट्यूबवर तो उद्रेकाला चिकटवतात, ते सोडून द्या.

इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणणं तर फारच अलीकडचं. १९४६ मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखकानं तिकडच्या जुन्या पंचांगाचा नियम चुकीचा लावला, तिथून ते पसरलं. गंमत म्हणजे त्यामागचं गणित आपल्या घरचंच आहे. बारा चांद्रमासांचे दिवस ३५४, वर्षाचे ३६५. हे वरचे अकरा दिवस साठले की आपण अधिक मास धरतो, आणि तिकडं वर्षात तेरावी पौर्णिमा येते. १९ वर्षांत अधिक मास सात, ब्लू मूनही साधारण तितकेच. २०२३ ला अधिक श्रावण, तर ऑगस्टात दोन पौर्णिमा. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, आणि ३१ मेची पौर्णिमा ब्लू मून.

म्हणून भाषांतरात ‘दुष्काळात तेरावा महिना’ लिहून येऊ नका! महिना तोच असला तरी आपल्याकडं तो संकटात आणखी भर घालतो. जवळचा शब्द हवा तर ‘सठीसहामाशी’. साताऱ्याकडची जुनी माणसं अजून बोलतात तो. ‘कपिलाषष्ठीचा योग’ही चालतो, पण त्यात योग जुळून आल्याचं अप्रूप आहे, किंवा टोमणा. इंग्रजीत तसं काही नाही, नुसतं ‘फार कमी वेळा’.

वापरायचा तो माणसांच्या सवयींबद्दल. पुण्यात नोकरी करणारा भाऊ गावाकडं फिरकत नाही, तर ‘ही कम्स होम वन्स इन अ ब्लू मून’. ‘मी लग्न वन्स इन अ ब्लू मून केलं’ हे चालत नाही, कारण गोष्ट पुन्हा पुन्हा घडणारी हवी. कास पठारावरची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तिथं सरळ ‘एव्हरी सेव्हन इयर्स’ म्हणा. तिला ठरलेला काळ आहे, ब्लू मूनला बोलण्यात तो नसतो. आणि कृष्णेच्या पुराबद्दल तर नकोच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी चढताना बघितलेल्या सांगलीकराला ते थट्टेसारखं वाटेल.

अर्जात, निबंधात ‘रेअरली’ लिहा. आणि मधला ‘अ’ गाळू नका. आपल्याकडची निम्मी मुलं ‘वन्स इन ब्लू मून’ लिहितात आणि चूक शोधण्याच्या प्रश्नात हाच ‘अ’ काढून ठेवलेला असतो.