वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात इग्निशन दगा का देतं?

प्रश्न : आमच्या प्रशिक्षण विमानाला रोटॅक्स ९१२ एस इंजिन आहे. सकाळी ते लगेच सुरू होतं. मे महिन्यात दुपारच्या उड्डाणानंतर थोडा वेळ उभं राहिलं की पुन्हा सुरू व्हायला फार छळतं. इग्निशन मॉड्यूल (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं असेल का? – विद्यार्थी वैमानिक, जळगाव

उत्तर : मॉड्यूल मागवण्याआधी बॅटरी तपासून घ्या. ९१२ च्या इग्निशनला बॅटरीची वीज लागत नाही. त्यात ठिणगीची दोन स्वतंत्र सर्किट असतात. स्टेटरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या जनित्राच्या स्थिर भागातल्या, दोन चार्जिंग कॉइल या दोन्ही सर्किटना वेगवेगळी वीज पुरवतात. पण ठिणगी पडायला क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) किमान २२० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला २२० फेरे, फिरावा लागतो. मधल्या गिअरबॉक्समुळे पंख्याचे (प्रोपेलरचे) तेव्हा साधारण ९० फेरे होतात. बॅटरी थकलेली किंवा स्टार्टरची अर्थिंग सैल असली की तेवढा वेग येत नाही आणि दोष विनाकारण मॉड्यूलवर जातो. तापलेल्या इंजिनाला चोकही देऊ नका. मिश्रण जास्त होऊन प्लग ओले होतात.

बॅटरी चांगली असेल तर मग उष्णतेकडे वळा. मॉड्यूलची कमाल मर्यादा ८० अंश सेल्सिअस आहे आणि ती बसवलेली असतात इंजिनाच्या डोक्यावर. इंजिन बंद होताच काऊलिंगमधली (इंजिनावरच्या आवरणातली) हवा थांबते, खालची सगळी धग वर चढते. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात हे हमखास होणार. मॉड्यूलवर कमाल तापमान नोंदवणारी चिकटपट्टी लावा, म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही. विमान नाक वाऱ्याकडे करून उभं करा, काऊलिंगवरचं तेल तपासायचं झाकण (टाकीचं बूच नव्हे) उघडं ठेवा. उड्डाणाआधी ते लावायला मात्र विसरू नका.

मॅग चेक, म्हणजे एकेक सर्किट बंद करून दुसऱ्यावर इंजिन चालवून बघणं, ४००० आरपीएमला करा. एका सर्किटवर वेगाची घट ३०० पेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक १२० च्या आत हवा. एक सर्किट पूर्ण मेलं असेल तर मॉड्यूल, चार्जिंग कॉइल किंवा स्विचकडची अर्थला टेकलेली वायर यांपैकी एक. त्याच सर्किटचे दोनच प्लग गप्प असतील तर पिकअप (ठिणगीची वेळ कळवणारा सेन्सर) किंवा त्या दोन प्लगना ठिणगी देणारी जोड-इग्निशन कॉइल बघा. मग परवानाधारक अभियंत्याकडून दोन्ही मॉड्यूलचे कनेक्टर आपसात बदलून घ्या : दोष दुसऱ्या बाजूला गेला तर मॉड्यूल खराब, जागेवर राहिला तर नाही. प्लग अर्थ न करता इंजिन कधीही फिरवू नका, त्याने चांगलं मॉड्यूलही जळतं.

मोटारसायकलचं सीडीआय (तिचं इग्निशन मॉड्यूल) जोडून बघायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. ९१२ मध्ये सुरू होताना पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ४ अंश (क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे) आधी ठिणगी पडते, १००० आरपीएमच्या पुढे २६ अंश आधी. हे वेळापत्रक चुकलं की पंखा उलटा झटका देतो, गिअरबॉक्सचं नुकसान होतं.

प्रश्न : इग्निशन स्विच बंद केल्यावर पंखा हाताने फिरवणं सुरक्षित आहे ना? – धुळे

उत्तर : नाही. स्विच ठिणगी थांबवतो तो सर्किट अर्थ करून. अर्थकडे जाणारी वायर तुटली की स्विच ‘बंद’वर असूनही इग्निशन जिवंतच राहतं. पंखा कायम चालू इंजिनाचा समजा. इंजिन बंद करण्याआधी आयडलला (सर्वात कमी वेगावर) दोन्ही स्विच एकेक करून तपासा. दोन्ही ऑफ केल्यावर इंजिन थांबलंच पाहिजे.