फी माफ केली तरी पोरं का गळतात?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू 23 वर्षांचा आहेस, पदवी झालीय, मीडियम पेस टाकायचास पण किट परवडेना म्हणून सतराव्या वर्षी क्रिकेट सुटलं, आणि आता दर शनिवार-रविवार वस्तीतल्या वीसेक मुलांना खेळवतोस. एक पैसा फी घेत नाहीस तरी दर महिन्याला चार-पाच पोरं गळतात आणि का ते तुला कळत नाही. घरी वडील म्हणतात हे काय काम आहे का, नोकरी बघ. तुला मात्र याचाच क्लब करायचाय आणि करिअरही यातच. आधी पोरांचं बोलते, कारण तुझ्या करिअरचा प्रश्न मला त्यात अडकलेला दिसतोय.

काही वर्षांपूर्वी एक आई तिच्या बारा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे घेऊन आली होती. एका अकॅडमीत त्याला फुकट प्रवेश मिळालेला, चांगला ऑफस्पिन टाकायचा, आणि अचानक म्हणाला मला नाही जायचं, मन उडालं. दोन वेळा बोलून काहीच हाती लागलं नाही. तिसऱ्यांदा आई बाहेर बसली तेव्हा खाली बघत म्हणाला की मॅचच्या दिवशी माझ्याकडे पांढरी पँट नसते. शाळेची राखाडी पँट घालून गेला तर कोचनी सगळ्यांसमोर बाजूला बसवलं होतं. बॅटिंग आली की पॅड कुणाकडे तरी मागायचे, ग्लोव्ह्ज दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा म्हणायचा घामानं ओले करू नकोस. फी माफी चालू ठेवायला दर तीन महिन्यांनी वडिलांच्या पगाराचा कागद घेऊन ऑफिसात उभं राहायचं आणि मागे बाकीचे पालक ऐकत असायचे. मॅचच्या सकाळी त्याच्या पोटात दुखायचं ते खरंच दुखायचं, नाटक नव्हतं ते.

म्हणून तुला सांगते, फी हा खर्चाचा फक्त वरून दिसणारा भाग आहे. बूट, जाण्यायेण्याचं भाडं, मॅचचे कपडे, घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नसणं, आणि या सगळ्यापेक्षा जड म्हणजे प्रत्येक वेळी तोंड उघडून मागावं लागणं. लाजेपोटी पोरगं सांगत नाही, येणं बंद करतं. तुझ्या क्लबचा पहिला नियम हाच ठेव, की कुठल्याही मुलाला काहीही मागावं लागू नये, जे लागतं ते आधीच तिथे असलं पाहिजे, आणि सगळ्यांसाठी सारखंच.

हे वाटतं तितकं महाग नाही, हिशोब करून बघ. मॅचमध्ये पॅड लागतात ते बॅटिंग असताना क्रीजवरच्या दोघांना आणि पुढच्या एकाला, आणि फिल्डिंग असताना विकेटकीपरला. म्हणजे अकरा मुलांना अकरा किट लागत नाहीत, चार-पाच चांगले सेट क्लबच्या मालकीचे असले की टीम उभी राहते. ग्लोव्ह्ज घेताना डावखुऱ्यांचा एखादा जोड वेगळा घे. बॉक्स म्हणजे ॲबडॉमिनल गार्ड मात्र ज्याचा त्याला, आणि आतले ग्लोव्ह्जही, त्यात काटकसर करायची नाही. जुनी हेल्मेट कुणी दान दिली तर प्रेमाने नको म्हण, कारण त्यावर आधी जोरात बॉल बसलाय की नाही ते तुला बाहेरून दिसणार नाही, आणि एकदा मोठा मार खाल्लेलं हेल्मेट पुढच्या वेळी वाचवेलच याची खात्री नसते. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूज हेल्मेट घालूनच खेळत होता, बॉल मानेजवळच्या उघड्या जागी लागला आणि त्यात तो गेला. म्हणून पैसा आला की सगळ्यात आधी नवीन हेल्मेट, मानेच्या गार्डसकट, पॅड, बॅट, बूट जुने चालतील.

बॅटचं तर मला फारच वाटतं. आपल्याकडे कपडे कसे वाढत्या अंगाचे घेतात तशी बॅटही घेतली जाते, एकदाच घ्यायची म्हणून मोठी. मग ते नऊ वर्षांचं पोर दोन्ही हातांनी ती कशीबशी उचलतं, खालचा हात घट्ट होतो, बॅट आडवी फिरते आणि सरळ ड्राइव्ह कधी येतच नाही, आणि आपण म्हणतो याला टेक्निक नाही. म्हणून क्लबात बॅटची लायब्ररी कर. मापाप्रमाणे नंबर, वहीत नोंद, पोरगं वाढलं की जुनी परत आणि पुढच्या मापाची ने. बूटही तसेच, कारण मुलांचे पाय बुटांपेक्षा लवकर वाढतात, बूट बरेचदा नव्यासारखेच राहतात.

बारा वर्षांपर्यंत लेदर बॉलची घाईच करू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. टेनिस बॉल किंवा सॉफ्ट बॉलवर किटचा जवळजवळ सगळा खर्च वाचतो आणि नजर, पाय, थ्रो सगळं तयार होतं. पुढे लेदर बॉल आणशील तेव्हा लहान मुलांचाच आण, 133 ते 144 ग्रॅमचा, पुरुषांचा 156 ते 163 ग्रॅमचा नको. पिचही 22 यार्डांची हवी असं काही नाही, मुलांसाठी छोटी कर. मुली येत नसतील तर आधी टॉयलेट आणि संपायची वेळ बघ, अंधार पडायच्या आत सोड, एखादी ताई मदतीला घे.

बूट म्हटलं की मला दक्षिण आफ्रिकेचा फास्ट बॉलर मखाया एन्टिनी आठवतो. तिथल्या एका छोट्या गावात गुरं राखणारा मुलगा, पंधरा वर्षांचा असताना तिथल्या क्रिकेट बोर्डाच्या एका डेव्हलपमेंट ऑफिसरनं त्याला बघितलं आणि बॉलिंग टाकायला कॅनव्हासचे बूट उसने दिले. पुढे नवीन बूट मिळाले तेव्हा सांगितलं होतं की हे घालून गुरांमागे जायचं नाही. तो 101 टेस्ट खेळला, 390 विकेट घेतल्या. आता प्रत्येक पोरगं एन्टिनी होणार नाही हे तुलाही माहितीय आणि तसं स्वप्न पालकांना विकूही नकोस. पण तो ऑफिसर बघ, तो पगारी नोकरीत होता, लहान मुलांचं क्रिकेट सुरू करणं हेच त्याचं काम होतं. वडिलांना हे सांग, असं काम असतं, त्याला पद असतं, पगार असतो.

आता तुझं. नोकरी करायची की क्लब, असा प्रश्नच घालू नकोस. पुढची दोन वर्षं दिवसा कमवायचं काम ठेव, शाळेत स्पोर्ट्स असिस्टंट मिळालं तर उत्तमच कारण ग्राउंडही मिळेल, नाहीतर अकाउंटचं चालेल. आठवड्याला क्लबचे तास ठरवून घे, त्याच्या वर नाही. या दोन वर्षांत क्रिकेट संघटनेचा पहिल्या पातळीचा कोचिंग कोर्स कर, प्रथमोपचार शिक, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घे आणि सोबत स्कोअरिंग नाहीतर अंपायरिंग यातलं एक पक्कं कर, कारण त्यातून मॅचमागे चार पैसे सुटतात आणि ओळखी होतात. कोचिंग आवडतंय पण त्याहून जास्त हे सगळं जुळवून आणणं आवडतंय असं लक्षात आलं तर पुढे स्पोर्ट्स मॅनेजमेंट बघ. तुझ्या पत्रावरून मला तरी तसंच वाटलं, बॉलिंगबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि ग्राउंडची परवानगी कशी मिळवली त्यावर पान भरून.

क्लबची रीतसर नोंदणी कर, बँक खातं दोघांच्या सहीचं, आणि महिन्याचा हिशोब ग्राउंडवर सगळ्यांना दिसेल असा लाव. देणगी मागताना गरीब मुलांना मदत करा असं मोघम नको, एका हेल्मेटचे किती, एका मुलाच्या सीझनच्या प्रवासाचे किती, असं नेमकं माग, लोक देतात. ज्यांना जमतं ते पालक फी देतील, ज्यांना नाही ते नाही, पण कुणी किती दिले ते तुला आणि खजिनदारालाच माहीत असावं आणि पुरावा कुणाकडेच मागायचा नाही. एखादा खोटं बोलून फुकट खेळेल, खेळू दे. आणि क्लब उभा राहिला की तुझ्या तासांचे पैसे बजेटमध्ये लिही, सुरुवातीला अगदी थोडे का असेनात. फुकट राबणारा माणूस चार वर्षांनी दमतो, मग पोरांचं ग्राउंड बंद पडतं, हे मी बघितलंय.

या शनिवारी एवढंच कर. गळालेल्या पोरांपैकी दोघांच्या घरी जा, का येत नाहीस असं विचारू नकोस, मॅच आहे, ये, एवढंच सांग आणि जाताना त्यांच्या पायाचं माप घेऊन ये. वडिलांनाही सोबत ने, जमलं तर. पहिल्या महिन्याचा हिशोब झाला की मला पाठव, त्यात कुठल्या नंबरचे बूट कमी पडतायत तेही लिही.