बंद हेडफोन: आधी डोक्यावर घाला, मग पैसे मोजा

महागड्या बंद हेडफोनबद्दल, म्हणजे ज्यांच्या कपांची मागची बाजू झाकलेली असते अशा हेडफोनबद्दल, त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येत राहतात. काही दुकानातून उचललेल्या, काही मित्रांनी डोक्यात भरवलेल्या. म्हणून या खेपेला वाचकांचे नऊ प्रश्न एकत्र घेतले आहेत. मी रेकॉर्डिस्ट आहे, कानाचा डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे, आणि ते गांभीर्याने घ्यावं.

बंद हेडफोन आणि नॉइज कॅन्सलिंग एकच ना? (सोलापूर)

नाही. बंद हेडफोन नुसत्या कपाने आणि पॅडने आवाज अडवतो, तर नॉइज कॅन्सलिंग बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट आवाज कानात सोडतं. गाडीची घरघर दुसऱ्याला जास्त जमते, भांड्यांचा खणखणाट पहिल्याला.

दुकानात ऐकला तेव्हा डग्गा अगदी छातीत वाजत होता. दीड लाख मोजले. घरी आणल्यावर तोच हेडफोन पोकळ वाटतो. दुकानदार म्हणतो, चांगला अँप्लिफायर घ्या. मला चष्मा आहे, पण त्याचा काही संबंध नसावा. (पुणे)

संबंध आहे, आणि तोच आहे. दुकानात ऐकताना तुम्ही चष्मा काढून काउंटरवर ठेवला होता का, एवढं आठवून पाहा. बहुतेक जण ठेवतात.

बंद हेडफोनमध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा, पडदा आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक छोटी कोठडी असते. वरचे सूर त्या कोठडीतून लाटेसारखे कानापर्यंत पोचतात. खर्जाचं तसं नाही. तिथे पडदा पुढे-मागे हलतो आणि आतल्या हवेचा दाब वाढतो-कमी होतो, त्या दाबालाच आपण बेस म्हणतो. आता चष्म्याच्या काडीने पॅड गालापासून जरासा उचलला, तर दाब तिथून निसटतो. पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये पंप मारत बसावं, तसा ड्रायव्हर बिचारा हलत राहतो. खालच्या टोकाचे काही डेसिबल सहज जातात, फट मोठी असेल तर दहाच्या पुढेही जातात. वरचे सूर मात्र जसेच्या तसे राहतात, म्हणून एकूण आवाज पातळ आणि कर्कश वाटतो, आणि माणूस हेडफोनला दोष देतो.

तपासायला खर्च नाही. डग्गा किंवा बेस गिटार ठळक असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. खर्ज एकदम भरून आला तर फट आहे. मग चष्मा काढून तेच ऐका.

फट फक्त चष्म्याची नसते. कानावर आलेले केस, पॅडखाली गेलेली वेणी, टोपी, स्कार्फ, मोठे डूल, कानाच्या पाळीमागे जबड्याच्या कोपऱ्याशी असलेला खळगा, यातलं काहीही पुरतं. पॅडची खालची कड त्या खळग्यात नीट बसत नसेल तर डोक्यावरचा बँड एक खाच लांब किंवा आखूड करून पाहा. चष्मा बारीक, चपट्या काडीचा घ्या. जाड प्लास्टिकच्या फ्रेमची फॅशन आल्यापासून ही तक्रार फारच वाढली आहे. पॅड मऊ आणि जाड असेल तर तो काडीभोवती जास्त चांगला बसतो. कपाला कंपनीने मुद्दाम ठेवलेलं बारीक छिद्र असेल, जसं बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० ला असतं, तर ते मात्र टेपने बुजवू नका. तो हिशोबाचा भाग आहे.

अँप्लिफायरने हे भरून निघत नाही. इक्वलायझरने खर्ज चढवला तर तात्पुरतं बरं वाटतं, पण मान वळवली की फट बदलते आणि सगळं पुन्हा बिघडतं.

ग्राफ पाहून खरेदी करणाऱ्यांनाही इथेच सांगतो. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांची आवड तपासून २०१३ पासून जे काम प्रसिद्ध केलं, त्यातून आलेली रेषा, म्हणजे बहुतेकांना आवडणारा आवाज कसा असावा याचा नमुना, आज जवळपास प्रत्येक परीक्षणात दिसते. काम उत्तम आहे. पण परीक्षणातला ग्राफ काढतात तो कृत्रिम डोक्यावर, पॅड अगदी नीट बसवून. त्या पुतळ्याला चष्मा नसतो, वेणी नसते, आणि त्याचा जबडा तुमचा नसतो. खालच्या टोकाला तो ग्राफ तुमच्यासाठी फक्त अंदाज आहे.

एक शेवटची गोष्ट. आवाज एका बाजूला झुकलेला वाटला तर दुरुस्तीला धावण्याआधी हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव कपाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर हेडफोन दाखवा. त्याच कानाशी राहिला तर आधी त्या बाजूची फट पाहा. फट नसेल, आणि दुसऱ्या हेडफोनवरही तसंच होत असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जाऊन कानाची तपासणी करून घ्या. अँप्लिफायर तोवर घेऊ नका.

विक्रेत्याने सांगितलं, नवीन हेडफोन २०० तास वाजवल्याशिवाय खुलत नाही. आता कर्कश वाटतोय. थांबू का? (नाशिक)

परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे? २०० तास म्हणजे रोज तीन तास ऐकलं तर दोन महिन्यांच्या वर. बिलाच्या मागची तारीख बघा, म्हणजे हा सल्ला कोणाच्या सोयीचा आहे ते कळेल.

नव्या पॅडचा फोम तुमच्या डोक्याच्या आकाराला थोडा दबतो, बँड किंचित सैलावतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत थोडा फरक पडू शकतो. त्याहून जास्त जे बदलतं तो आपला कान, त्याला सवय होते. कर्कश हेडफोन तासांच्या मोजणीने गोड होत नाही. मुदत आहे तोवर परत करा.

२५० ओहमचा घेतला तर मोबाइलवर चालेल का? (लातूर)

ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा. २५० ला बहुतेक मोबाइलवर आवाज पुरणार नाही. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम असा तीन प्रकारांत मिळतो, मोबाइलसाठी ३२ चा घ्या. पण ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा, हे मनातून काढा. काही प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचे, हेडफोन १३ ओहमचे असूनही फोनला दम लागतो, कारण त्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर निघणारा आवाज, कमी असते. दोन्ही आकडे बघा आणि दुकानात स्वतःचाच फोन लावून ऐका.

हेडफोन घातला की तासाभरात डोक्याच्या मध्यावर ठणका लागतो. सवय होईल का? बँड थोडा वाकवून सैल करू का? (ठाणे)

वजन किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही, तरी अंदाज येतो. सेनहायझरचा एचडी ८२० वायर सोडून ३६० ग्रॅम, सोनीचा एमडीआर-झेड१आर ३८५, फोकलचा स्टेलिया ४३५. ऑडेझीच्या एलसीडी-एक्ससीसारखे तर सहाशेच्या पुढे जातात. नुसत्या आकड्याने मात्र काही ठरत नाही. ४३५ ग्रॅम रुंद पट्ट्यावर पसरले तर तीन तास निघतात, आणि साडेतीनशे ग्रॅम एका बोटभर जागेवर टेकले तर अर्ध्या तासात नकोसं होतं.

ठणका मध्यावर आहे म्हणजे भार वर पडतोय. कप एक खाच खाली घ्या, म्हणजे बाजूच्या पकडीवर थोडा भार येईल, किंवा बँड टाळूवरून जरा पुढे-मागे सरकवा. याउलट कानाच्या वर किंवा जबड्यावर दुखत असेल तर पकड घट्ट आहे. मग हेडफोन रात्रभर डोक्याएवढ्या रुंदीच्या पुस्तकांच्या चळतीवर चढवून ठेवा आणि असं काही रात्री करून पाहा. हाताने वाकवू नका. धातूची पट्टी असली तरी आत सांधे प्लास्टिकचे असू शकतात, आणि कट्‌कन आवाज आला की वॉरंटी संपली. शिवाय पकड जास्त सैल केलीत तर पुण्याच्या वाचकाची तक्रार तुमची होईल.

सवय होण्याची वाट पाहू नका. पाच मिनिटांच्या ऐकण्यात हे कधीच कळत नाही, म्हणून दुकानात किमान तासभर घालून बसा. दुकानदार बसू देत नसेल तर दुसरं दुकान. आणि हेडफोन काढल्यावरही डोकं दुखत राहत असेल तर प्रश्न फक्त हेडफोनचा नसेल, डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात पॅडची साल निघून काळे कपचे गालाला चिकटतात. ऑनलाइन सातशे रुपयांत अस्सल मेंढीच्या कातड्याचे पॅड आहेत. घेऊ? (रत्नागिरी)

सातशे रुपयांत अस्सल मेंढी? नका घेऊ.

साल निघते ती पीयू म्हणजे कृत्रिम चामड्याची. दमट हवेतलं पाणी त्या थराची रासायनिक मोडतोड करतं, त्यामुळे कपाटात न वापरता ठेवलेला हेडफोनही सोलतो. कोकणात आणि मुंबईत हे चालायचंच. घाम लगेच कोरड्या फडक्याने टिपा, सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, आणि ठेवताना डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. अस्सल कातडं सोलत नाही, पण तुमच्याकडे त्याला बुरशी धरेल. मखमली पॅड घामाला बरे, मात्र त्यांतून हवा झिरपते, म्हणून खर्ज थोडा उतरतो.

आणि हे नीट लक्षात घ्या: पॅड हा आवाजाचा भाग आहे. त्याची जाडी बदलली की ड्रायव्हर कानाच्या जवळ किंवा लांब जातो, भोक लहान-मोठं झालं की वरचे सूर बदलतात. मी सेशनला आणलेले असे हेडफोन पाहिले आहेत की महागड्या कपावर स्वस्त पॅड चढवल्यावर ते ओळखू येईनात. कंपनीचेच पॅड मागवा. मिळत नसतील तर अधिकृत सेवा केंद्राला विचारून पर्याय घ्या, आणि नवे पसंत पडेपर्यंत जुने फेकू नका.

लाकडी कपांमुळे आवाजाला गोडवा येतो म्हणतात. अक्रोड घ्यावा की बांबू? (गोवा)

तुम्ही डेननच्या एएच-डी७२०० आणि एएच-डी९२०० बद्दल विचारताय असं दिसतं. पहिला अक्रोडाचा, दुसरा जपानातल्या कोची प्रांतातल्या बांबूचा. दोन्ही देखणे आहेत. फॉस्टेक्सच्या टीएच९०० वर तर जपानी उरुशी लाखेचं काम असतं, ते हातात घेतलं की ठेववत नाही.

पण बंद हेडफोनचा खरा पेच वेगळा आहे. ड्रायव्हर जेवढा आवाज कानाकडे सोडतो तेवढाच मागेही सोडतो, आणि तो कपाच्या भिंतीवर आपटून पुन्हा कानाकडे येतो. त्याचं काय करायचं यावर सगळी अक्कल खर्च होते. एचडी ८२० मध्ये वाकवलेली काच आहे, ती मागचा आवाज बाजूच्या शोषकांकडे वळवते. डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ मध्ये आणलेल्या स्टेल्थमध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये आवाज आवरणारी बारीक नळ्यांची जाळी बसवली आहे. कपाचा आकार आणि आतलं शोषक साहित्य यांनी जेवढं ठरतं, त्या मानाने लाकडाची जात मागे राहते. आवडलं तर लाकूड जरूर घ्या, देखणेपणासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. गोडवा मात्र ऐकून ठरवा.

मी सिनेमाच्या एडिटिंगचं काम करतो, रोज आठ-नऊ तास बंद हेडफोन कानावर. दोन महिन्यांपासून डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते. मित्र म्हणतात, आणखी चांगला हेडफोन घे. आई कोमट तेल घालते. कोणता घ्यावा? (मुंबई)

कोणताच नाही. दोन महिने कशाची वाट पाहिलीत? तेल आजपासून बंद, आणि या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. एकाच कानात शिट्टी वाजत असेल तर कारण नीट शोधावं लागतं. ते कदाचित मळाएवढं साधं असेल, कदाचित नसेल. ते पत्रावर सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. बाकी वाचकांसाठी: एका कानाला अचानक कमी ऐकू यायला लागलं तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५. तुमचे तास आठवड्याच्या ४० च्या वर आताच गेले आहेत, आवाजाची पातळी तर मला माहीतच नाही.

उत्तम हेडफोन इथे एक छुपा धोका आणतो. स्वस्त हेडफोन मोठ्या आवाजाला फाटतो, टोचतो, आणि हात आपोआप बटणाकडे जातो. चांगला हेडफोन शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, म्हणून किती चढवलंय ते कळत नाही. त्यात पॅडला फट असेल तर खर्जाच्या हौसेने माणूस आणखी चढवतो. नीट बसलेला बंद हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे कमी आवाजात काम भागतं, आणि माझ्या मते त्यावर पैसे घालवण्याचं हेच सगळ्यात चांगलं कारण आहे. तपासणी होईपर्यंत काम लहान स्पीकरवर, हळू आवाजात करा. निर्माता घाई करत असेल तर त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा.

वीस हजारांची चांदीची वायर लावली तर फरक पडेल का? (कोल्हापूर)

नाही. जुनी तुटली असेल तर कंपनीची घ्या.