जुनी विंडोज नव्या मशीनवर नेताना डिस्क काढण्याआधीची कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप, ऑफिसला फोर्थ जेनचा आय5, त्यावर विंडोज 10, टॅली, कॅड आणि व्हीएमसीला (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटर-चालित मशीनला) प्रोग्राम पाठवायचं सॉफ्टवेअर. आता नवीन मशीन असेंबल करून घेताय. विंडोज नव्याने न टाकता जुनीच तिथे चालेल का?

चालेल. दुकानात विचारलंत तर ‘फॉरमॅट मारूया, सोपं पडेल’ असंच सांगतील, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही आहे. त्यांचं काम दुपारपर्यंत आटोपतं. टॅलीची सेटिंग्ज, प्रिंटर, व्हीएमसीची जुळणी पुन्हा बसवत पुढे तुम्हीच बसता. म्हणून तुमचा विचार मला पटतो. फक्त एक लक्षात ठेवा, यातलं बहुतेक काम जुनं मशीन चालू असतानाच उरकायचं असतं. डिस्क काढून नव्यात लावल्यावर जे अडतं, ते बहुधा मागे न केलेल्या कामामुळे.

एक्सपीच्या काळात मदरबोर्ड बदलला की निळा स्क्रीन ठरलेला असायचा. विंडोज 8 पासून ते बरंच सुधारलं. सुरू होताना विंडोजला आधी डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो, तो मिळाला की बाकीचं हार्डवेअर ती स्वतः ओळखते. पहिल्या वेळी ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ आणि पुढे टक्के दिसतात, मधे रीस्टार्टही होतं; तेव्हा पॉवर बटणाला हात लावायचा नाही. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी हेच. जुन्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते, एएचसीआय असेल तर नव्यातही तोच ठेवा, कारण ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा निळा स्क्रीन अनेकदा त्या एका सेटिंगमुळे येतो.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी बूटची वाटते. सर्चमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. तिथे ‘यूईएफआय’ (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असेल तर प्रश्नच मिटला. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे, आणि नवे बोर्ड बहुतेक यूईएफआयवरच चालतात. तुमची डिस्क धडधाकट असूनही नवा बोर्ड ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणेल. यासाठी विंडोज 10 मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे. डेटा न पुसता ती डिस्कची मांडणी यूईएफआयला चालणाऱ्या जीपीटीत बदलते. मुख्य अट अशी की प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) तीनपेक्षा जास्त नकोत. आधी ‘व्हॅलिडेट’ चालवा, ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’.

पण हे मूळ डिस्कवर करू नका. आधी क्लोनझिला या सॉफ्टवेअरने नव्या एसएसडीवर क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढा, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, जुनं मशीन क्लोनवर सुरू करा आणि मग बदल करा. काही बिनसलं तर मूळ डिस्क लावून दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू. ती डिस्क पुढचे दोन-तीन महिने कपाटात राहू दे.

क्लोन काढण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) बघा. चालू असेल तर बंद करून ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. नाहीतर नवा बोर्ड दिसताच विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती कुठे ठेवली हे त्या वेळी ऑफिसात कुणालाच आठवत नाही.

लायसन्सचं सरळ आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ दिलं की लायसन्स ओईएम (मशीनसोबत आलेलं) आहे की रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) ते दिसतं. ओईएम जुन्या मदरबोर्डसोबतच राहतं, नव्यासाठी वेगळं घ्यावं लागेल. रिटेल असेल तर आधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. नंतर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडता येतो. टॅलीचं लायसन्स मात्र जुन्या मशीनवर इंटरनेट चालू असताना सरेंडर करा, मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. आणि हे सगळं महिन्याच्या 11 किंवा 20 तारखेच्या आसपास काढू नका, जीएसटी रिटर्न भरायची घाई असते.

नव्या बोर्डाचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आजकाल बऱ्याच बोर्डांवर 2.5 गिगाबिटचं लॅन असतं, जुन्या विंडोज 10 कडे त्याचा ड्रायव्हर नसू शकतो, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, असं होऊन बसतं. पेनड्राइव्ह विसरलाच तर फोन यूएसबीने लावून टेदरिंग करा. स्टॅटिक आयपी (हाताने ठरवून दिलेला नेटवर्क पत्ता) दिला असेल तर तो लिहून घ्या. नव्या लॅन कार्डाला तो आपोआप येत नाही.

आता व्हीएमसी. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही जा, जुन्या कंट्रोलरला प्रोग्राम आजही आरएस-232 च्या (जुन्या सीरियल पोर्टच्या) केबलनेच जातो. नव्या बोर्डाला मागे ती नऊ पिनची जागा सहसा नसते. काहींवर आत कॉम हेडर (सीरियल पोर्टसाठीच्या पिना) असतो, त्याला ब्रॅकेट लावलं की खरा पोर्ट मिळतो, म्हणून बोर्ड घेतानाच हे विचारा. मी तरी त्यालाच पसंती देईन. नसेल तर चांगला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या. तो लावल्यावर पोर्ट कॉम3 किंवा कॉम4 होतो आणि तुमचं सॉफ्टवेअर कॉम1 वरच वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदला. कॉम1 ‘इन यूज’ दाखवत असेल आणि नव्या मशीनवर खरा पोर्ट नसेल, तर ती जुन्या मशीनची नोंद आहे; ‘शो हिडन डिव्हायसेस’ करून पुसट दिसणारा जुना पोर्ट अनइन्स्टॉल करा. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट या सीरियल पोर्टच्या सेटिंग्जचा जुन्या स्क्रीनवरचा फोटो आजच काढून ठेवा. आधी एखादा लहान प्रोग्राम पाठवा, कंट्रोलरवर ओळी ताडून बघा, मगच जॉब लावा.

सगळं नीट चालल्यावर विंडोज 11 वर अपग्रेड करा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि नव्या मशीनवर टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप) असल्याने प्रोग्राम न काढता अपग्रेड होतं. क्रम मात्र हाच ठेवा, दोन्ही एकदम केलं तर बिघाड कशाने झाला ते कळणार नाही.

क्लोन काढताना डिस्कवर बॅड सेक्टर निघाले, किंवा विंडोज क्रॅक केलेली असली, तर मात्र मी फॉरमॅटच सांगेन. ‘बायोस मोड’समोर काय दिसतं ते कळवा, पुढच्या कमांड क्रमाने लिहून देतो.