यहोवा, परमेश्वर, प्रभू: बायबलमधल्या देवाचं नेमकं नाव कोणतं?

नाव एकच आहे, बाकीची संबोधनं. हिब्रूत ते योद-हे-वाव-हे या चार व्यंजनांनी लिहितात आणि जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, ते सहा हजारांहून जास्त वेळा येतं. धार्मिक ज्यू ते उच्चारत नाहीत. वाचताना तिथे ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझा प्रभू’ म्हणतात. मृत समुद्राजवळ सापडलेल्या स्तोत्रांच्या एका गुंडाळीत तर सगळा मजकूर नेहमीच्या लिपीत आणि ही चार अक्षरं तेवढी मुद्दाम जुन्या वळणाची आहेत!

गोंधळ पुढे झाला. हिब्रूत आधी स्वरचिन्हं नव्हती. मासोरेती पंडितांनी, म्हणजे हिब्रू बायबलचा मजकूर जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, ती घातली तेव्हा या चार अक्षरांवर ‘अदोनाय’चे स्वर ठेवले, वाचणाऱ्याला आठवण म्हणून. युरोपीय अभ्यासकांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि ‘यहोवा’ तयार झालं. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळचा असावा, असं बहुतेक विद्वान मानतात.

अर्थाचं म्हणाल तर जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात (३:१४) मोशे हा संदेष्टा देवाला नाव विचारतो, तेव्हा उत्तर मिळतं, ‘मी आहे तो आहे’. म्हणजे ‘असणे’ या क्रियापदाशी नातं. (मला तर हे उत्तर म्हणजे नाव सांगणंही वाटतं आणि टाळणंही.)

नवा करार ग्रीकमध्ये आहे. तिथे ‘किरिओस’, म्हणजे प्रभू, हाच शब्द देवालाही आणि येशूलाही लावलाय. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट.

आपल्या प्रचलित मराठी बायबलात उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीत ‘देव’ दिसेल, तो ‘एलोहीम’, म्हणजे देव या अर्थाचा हिब्रू शब्द. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या स्तोत्रातला ‘परमेश्वर’ म्हणजे ती चार अक्षरं. आणि ‘हालेलुया’च्या शेवटी ऐकू येतो तो ‘याह’, त्याच नावाचं छोटं रूप.